‘घरचे’ या नावाची झाडे

बँकेचा संदेश आला तेव्हा मी ज्वारी निवडत होतो. कार्डाचे वार्षिक शुल्क पुढील महिन्यात आकारले जाईल, कार्ड पुढे चालू ठेवायचे नसल्यास त्यापूर्वी कळवावे, एवढाच मजकूर होता. भाषा सभ्य होती. मी सूप बाजूला ठेवले. कार्ड ठेवावे की बंद करावे, हा प्रश्न दुसऱ्या कोणाला पडला असता तर मी चार ओळींत उत्तर दिले असते. माझ्यापुढे अडचण अशी होती की त्या कार्डाचे मोल कोणत्या मापाने मोजावे, हेच मला समजत नव्हते.

मी लातूरच्या एका शाळेत भूगोल शिकवला. पर्जन्यछायेच्या प्रदेशात बसून मुलांना सदाहरित अरण्यांची माहिती दिली. लिहिण्याचा नाद मला निवृत्तीनंतर लागला आणि तोही भीत भीतच. त्यामुळे जे घडले ते क्रमाने सांगावे, यापलीकडे माझ्याकडे काही कसब नाही.

क्रेडिट कार्ड हा शब्द मी तोवर वर्तमानपत्रात वाचला होता आणि तो बहुधा फसवणुकीच्या बातम्यांत. आमची मुलगी पुण्यात नोकरी करते. एका दिवाळीत ती आली ती या कार्डाची माहिती घेऊनच.

“बाबा, हे पर्यावरणपूरक कार्ड आहे,” ती म्हणाली. “तुम्ही जन्मभर शाळेत झाडं लावा, झाडं लावा म्हणालात. आता बँकच लावते म्हणते आहे.”

स्वयंपाकघरातून पत्नीचा आवाज आला, “बँक झाडं लावून राहिली? मंग शेतकऱ्यानं काय नोटा छापाव्यात?”

पत्नी अर्धापूरकडची. माहेरी केळीच्या बागा. लग्नानंतर इतकी वर्षे लातुरात राहूनही केळीच्या घडाकडे पाहून तो कोणत्या महिन्यात उतरवायला हवा होता हे ती सांगे आणि फळविक्रेत्याशी त्यावरून वाद घाली. त्यात ती पुष्कळदा चुकतही असे, पण मागे हटत नसे.

मुलीने दिलेली माहिती मी एखादा धडा वाचावा तशी वाचली. विजेवर चालणाऱ्या गाडीचे चार्जिंग, मेट्रोचे तिकीट, सौरऊर्जेची उपकरणे आणि सेंद्रिय मालाची काही ठरावीक दुकाने यांवर चांगला कॅशबॅक मिळणार होता. इतर सर्व खर्चावर नाममात्र. शिवाय खर्चाचा एक ठरावीक टप्पा पूर्ण झाला की बँक ग्राहकाच्या वतीने एक रोप लावणार होती. कार्ड स्वतः जुन्या प्लास्टिकपासून बनवलेले होते. वार्षिक शुल्क होते, परंतु वर्षभरात पुरेसा खर्च केला तर ते माफ होत असे.

मी पेन्सिलीने खुणा करीत गेलो. मेट्रो लातुरात नाही. गाडी आमच्याकडे कोणतीच नव्हती. मी सायकलवर शाळेत गेलो आणि निवृत्तीनंतर पायी फिरू लागलो. सेंद्रिय मालाच्या ज्या दुकानांची नावे होती, त्यांपैकी एकही आमच्याकडे नव्हते. आमची तूरडाळ औशाच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून पोत्यात येई आणि तिच्यावर कसलेही हिरवे चिन्ह नसे.

“आपण कुठंबी एसटीनं जातो, त्याचं काय देतंय ते?” पत्नीने विचारले.

“एसटीत कार्ड चालत नाही.”

“मंग ह्या कार्डाला लातूर म्हाईत न्हाई,” ती म्हणाली.

मुलगी हसली. “आई, अगं तुम्ही दोघं खर्चच करत नाही. बँक परत तरी काय देणार तुम्हाला?”

तिचे म्हणणे खरे होते. ज्यांनी मुळात ना खर्च केला, ना इंधन जाळले, त्यांना परत देण्यासारखे त्या योजनेत काही नव्हते. मी कागद घडी करून ठेवला आणि सौम्य शब्दांत नको म्हणून सांगितले. तेवढ्यात पत्नी हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, “रोपाचं काय म्हनलात? रोप देतेत का? मंग घ्या की.”

कार्ड आले ते अशा रीतीने.

ते येण्यापूर्वीच तिने परसात कुंपणाच्या भिंतीजवळ खड्डा करायला घेतला. आधी स्वतः खुरप्याने, मग मुरूम लागला तसे माझ्या हाती पहार दिली. बँक रोप घरी पाठवील अशी तिची समजूत होती आणि ती समजूत मी खोडली नाही, कारण मलाही नेमके माहीत नव्हते. खड्डा तयार झाल्यावर तिने त्यात पाणी मुरवायला सुरुवात केली. ज्यांनी लातुरात टँकरची वाट पाहत दिवस काढले, त्यांच्या घरात पाणी फेकून देण्याची रीत उरलेली नाही. आमच्याकडे पाहुणा आला की ती आधी विचारी, “अर्धा का भरून?” आणि तरीही पेल्यात जे उरे ते एका डेचकीत जमा होई. तांदूळ धुतलेले, भाजी धुतलेले, पेल्यातले उरलेले असे सगळे पाणी आता त्या रिकाम्या खड्ड्यात जाऊ लागले. “माती मऊ ऱ्हायला पायजे,” ती म्हणे. “रोप आलं अन् खड्डा कडक, आसं नको.”

कार्ड मातकट हिरव्या रंगाचे होते. तिने त्यावर नखाने टिचकी मारून पाहिली.

“जुन्या बादल्यांचं हाय म्हना की.”

पुढे काही महिने ते कपाटात पडून राहिले. किराणा कोपऱ्यावरच्या दुकानातून येई आणि तिथे रोख चाले. बँकेचे संदेश येत, मी ते वाचून मिटवीत असे. तिने मात्र मधूनमधून विचारावे, “झालं का त्याचं पोट भरून?” रोपाचा टप्पा दूरच होता, मी नाही म्हणावे.

मग तिचे दुखणे निघाले. पोटात गाठ होती. लातुरात दवाखान्यांची वाण नाही, शेजारच्या काकूंनी तसे बोलूनही दाखवले. परंतु तिने नांदेडचाच हट्ट धरला. अर्धापूर तिथून जवळ, भाऊ आणि भावजय हाताशी. “दुखणं माहेरी काढावं,” ती म्हणाली. “तिथं कन्हायला लाज वाटत न्हाई.”

आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. लातूरहून नांदेडची एसटी चाकूरला थांबे तेव्हा ती खिडकीतून शेंगा घेई. पुढे पुढे घेणे थांबले, पण गाडी थांबली की ती अजूनही खिडकीबाहेर पाही. ती अर्ध्या तिकिटात बसे, मीही ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्ध्यातच. एकदा वाहकाला ती म्हणाली, “आमी दोघं मिळून एकच मानूस हाव बघा.” तो हसला आणि पुढे गेला.

नांदेडच्या दवाखान्याला लागून असलेल्या औषधांच्या दुकानात ते कार्ड प्रथमच वापरले गेले. जवळची रोख संपत आली होती आणि औषध त्याच दिवशी हवे होते. मी काहीशा अविश्वासानेच कार्ड पुढे केले. यंत्राने बारीक आवाज केला आणि कागद बाहेर आला. ती बाकावर बसून पाहत होती.

“चालतंय का तिथं?”

“चाललं.”

“बरं झालं. कुठंतरी चाललं.”

त्यानंतर औषधे, तपासण्या, खाटेचे भाडे, सगळे त्याच कार्डावर होत गेले. महिन्याच्या अखेरीस मुलगी आणि मी मिळून रक्कम भरून टाकत असू, त्यामुळे व्याज चढले नाही. कार्डाविषयी न्यायाने बोलायचे तर त्या दिवसांत त्याने आमची सोयच केली. जे कार्ड आम्ही धडधाकट असताना महिनोन्‌महिने उपाशी होते, त्याचे पोट आता फार लवकर भरू लागले.

पहिल्या झाडाचा संदेश आला तेव्हा आम्ही अर्धापूरला मेहुण्यांच्या अंगणात बसलो होतो. मेहुणे, त्यांची पत्नी, आम्ही दोघे. झाड कोणाच्या नावाने लावायचे, असे विचारून फोनच्या पडद्यावर एक रिकामी चौकट आली होती.

इथे एक खुलासा करायला हवा. आमच्या पिढीत, निदान आमच्या घरात, बायकोला नावाने हाक मारण्याची पद्धत नव्हती. वडीलधारी माणसे घरात असत. त्यांच्यासमोर तो उर्मटपणा समजला जाई. ती मला ‘अव, ऐकलं का’ म्हणे, मी तिला ‘ऐकतेस का’ म्हणत असे, आणि चार लोकांत तिचा उल्लेख करायचा तर ‘आमच्या घरचे’ म्हणावे, हे ठरलेले. आमच्या भागात ते अजूनही चालते. पुढे वडीलधारी एकेक करून गेली, तरी जिभेला पडलेले वळण गेले नाही. रेशनकार्डावर, दवाखान्याच्या कागदांवर मी तिचे नाव शेकडो वेळा लिहिले असेल. तो कागदाचा व्यवहार झाला. लग्नात घास भरवताना नाव घ्यायची वेळ आली तेव्हा पाठ केलेला उखाणा मी शेवटच्या शब्दापर्यंत नीट म्हटला आणि शेवटचा शब्द, म्हणजे तेवढे नावच, घासाबरोबर गिळून टाकले. मांडवात बराच वेळ हसू चालले होते.

“दाजी, टाका की आमच्या आक्काचं नाव,” मेहुणे म्हणाले.

मी फोन हातात घेऊन बसलो. सगळे माझ्या बोटाकडे पाहत होते. तिच्या माहेरच्या अंगणात, तिच्या भावासमोर, तिच्या नावाने काहीतरी अर्पण करायचे. मला ते सही करण्यासारखे वाटेना, उखाण्यासारखेच वाटू लागले. शेवटी मी त्या चौकटीत ‘घरचे’ असे लिहिले आणि बटण दाबले.

मेहुण्यांच्या पत्नीने मान पुढे करून वाचले. “घ्या,” त्या म्हणाल्या, “लग्नातबी गिळलं अन् आताबी गिळलं.”

माझी पत्नी इतकी हसली की तिला पोट धरावे लागले, आणि मग दुखले म्हणून गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्र आले. ‘घरचे’ यांच्या नावाने खारफुटीचे एक रोप पूर्व किनाऱ्यावर लावण्यात आले आहे, असे त्यात होते; सोबत चिखलातून वर आलेल्या काड्यांचे एक छायाचित्र.

“अन् ते घरी कवा येनार?” तिने विचारले.

आता मला सांगणे भाग होते. हे झाड खाऱ्या पाण्यात, समुद्राच्या चिखलात वाढते, ते तिथेच राहणार, असे मी समजावून सांगितले. भरती-ओहोटी, श्वासमुळे, सगळे सांगितले. तिने शाळेतल्या मुलीसारखे ऐकून घेतले.

“म्हंजे त्याला पानी लई.”

“पाण्यातच असतं ते.”

“मंग बरं झालं,” ती म्हणाली. “आपल्याकडं आसतं तर रडलं आसतं बिचारं.” थोड्या वेळाने म्हणाली, “खड्डा ऱ्हाऊ द्या. पुढचं आपल्याकडचं देतील.”

पुढचेही खारफुटीचेच आले आणि त्यापुढचेही. आणि प्रत्येकावर ‘घरचे’ हेच नाव होते, कारण एकदा लिहिलेले नाव ते यंत्र आपोआप पुढे चालवीत होते. ती चौकट पुन्हा उघडेना. तिच्या आजारपणाची प्रत्येक पायरी कुठल्या तरी किनाऱ्यावर जाऊन रुजत होती. औषधे महागली, झाडे वाढली. खाटेवर उशीला टेकून ती म्हणाली, “माझं दुखणं लई झाडं लावून राहिलं बघा. आनखी थोडं ऱ्हायले तर रान होईल.”

मला हसता आले नाही. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, “हसा की. माझंच हाय, मलाच हसू द्या म्हनलं तरी येकटीनं कसं हसावं.”

शस्त्रक्रियेच्या दिवशी मोठी रक्कम भरावी लागली. मी शस्त्रक्रियागृहाबाहेर उभा असताना फोन वाजला. पडद्यावर रंगीत कागदाचे कपटे उडत होते आणि खाली लिहिले होते, अभिनंदन, आज आपण एकाच व्यवहारात अनेक झाडांना जीवन दिलेत. मी फोन पालथा करून खुर्चीवर ठेवला. शेजारी बसलेल्या बाईंनी विचारले, “काय, बरी खबर हाय का?” मी म्हणालो, “बँकेची आहे.” मी काही तरी सांगण्याचे टाळतो आहे असे समजून त्या अधिकच सहानुभूतीने माझ्याकडे पाहू लागल्या.

शस्त्रक्रियेनंतर ती काही दिवस बरी वाटली आणि मग वाटेनाशी झाली. अर्धापूरच्या घरी खोलीच्या दाराशी तिची खाट होती. तिथून केळीची पाने दिसत. एका दुपारी मी तिला फोनवर मुलीचे छायाचित्र दाखवत असताना तिने अचानक झाडे दाखवा म्हटले. मी प्रमाणपत्रे एकामागून एक पुढे सारली. ती वाचत गेली. सगळीकडे तेच.

“घरचे म्हंजे कोन, कुनाला कळावं?” ती म्हणाली. “घरात तर तुमीबी राहता. एका तरी झाडाला माझं नाव ऱ्हाऊ द्या.”

“ते बदलत नाही आता. चौकट उघडत नाही.”

“फोन करून इचारा.”

“विचारतो.”

“तुमी कशाचं इचारता,” ती म्हणाली, आणि हसून कूस बदलली. तिचा आवाज रागाचा नव्हता. मी त्याच संध्याकाळी फोन करणार होतो. परंतु संध्याकाळी तिला ताप चढला, आम्ही तिला नांदेडला हलवले आणि तिथून परत आणले ते अखेरचेच.

अंत्यविधीच्या वेळी गुरुजींनी नाव विचारले. मी उभा होतो. माझ्या आधी मेहुण्यांनी सांगितले. दहाव्यालाही तसेच झाले. कुणी त्यात काही गैर मानले नाही आणि मीही मानले नाही. त्या दिवसांत माझ्यासाठी दुसऱ्या कुणी तरी बोलणे हाच आधार होता.

लातूरला परतलो. घर तसेच होते. परसातल्या खड्ड्यात वाऱ्याने पाने येऊन पडली होती. शेजारच्या काकू भिंतीपलीकडून म्हणाल्या, “सर, त्यात काही तरी लावा, न्हाई तर बुजवा. कुणाचा पाय मुरगाळंल.” मी ‘बघू’ म्हणालो. डेचकीत मात्र पाणी साठत राहिले. एकट्या माणसाच्या पेल्यातही उरतेच. ते मी खड्ड्यात ओतत राहिलो. दुसरीकडे कुठे ओतावे हे सुचले नाही.

आणि मग तो शुल्काचा संदेश आला.

मुलीला फोन केला. तिने माझ्याकडून आकडे विचारून घेतले आणि लगेच निकाल दिला. “बाबा, बंद करा. गेल्या वर्षी दवाखान्यामुळे शुल्क माफ झालं. आता तुमचा एवढा खर्च होणार नाही. कॅशबॅक मिळेल त्यापेक्षा शुल्क जास्त जाईल. झाडंच लावायची तर त्या पैशात कुठल्याही रोपवाटिकेतून चार रोपं येतील.”

तिच्या हिशेबात कुठेही चूक नव्हती. मी स्वतः पुन्हा मांडून पाहिला. उलट, शिक्षक या नात्याने त्यात दोन गोष्टी जोडता आल्या. रोप लावणे आणि झाड जगणे यांत फरक असतो आणि त्याविषयी बँक काहीच सांगत नव्हती. शिवाय झाडाच्या आशेने माणसाने अधिक खरेदी करावी, या कल्पनेतच काही तरी उलटे होते. सर्व बाजूंनी पाहता ते कार्ड आमच्यासारख्या माणसासाठी नव्हते. मी बंद करण्याचे ठरवले.

बंद करण्याचे बटण दाबण्याआधी सूचना आली की कार्ड बंद केल्यास आपल्या झाडांचे पान दिसणार नाही. मी तिथे थांबलो. एका तरी झाडाला, असे ती म्हणाली होती. निदान विचारून तरी पाहावे, म्हणून मी बँकेच्या मदतक्रमांकावर फोन लावला.

घरात फोनचा आवाज नीट येत नाही, म्हणून परसात गेलो आणि खड्ड्याजवळ उभा राहिलो. सकाळची वेळ होती. बरीच गाणी आणि सूचना ऐकल्यावर एका तरुण मुलीचा आवाज आला. मी माझे काम सांगितले. तिने थांबायला सांगितले, मग परत आली.

“सर, जी झाडं लावून झाली आहेत त्यांची नावं बदलता येत नाहीत. ती नोंद पक्की झालेली असते. पण पुढच्या झाडापासून नवीन नाव टाकता येईल. टाकायचं का?”

पुढच्या झाडापासून.

“सर, आहात ना?”

“हो. टाका.”

“नाव सांगा, सर.”

आजूबाजूला कुणी नव्हते. मेहुणे नव्हते, गुरुजी नव्हते. मी नाव सांगितले.

“सर, आवाज तुटतोय. जरा मोठ्यानं सांगाल का?”

मी मोठ्याने सांगितले.

“अजून एकदा, सर, शेवटचं अक्षर कळलं नाही.”

तिसऱ्या वेळी माझा आवाज बहुधा फारच चढला, कारण तो भिंतीवर आदळून परत आलेला मलाही ऐकू आला. इतकी वर्षे ज्या घरात आम्ही दोघे राहिलो, त्या घराच्या परसात ते नाव माझ्या तोंडून प्रथमच असे मोकळे निघाले, आणि ऐकायला जिने असायला हवे होते ती नव्हती. फोनवरच्या मुलीने नाव नीट म्हणून दाखवले, बरोबर का विचारले. मी बरोबर म्हणालो. तिने आणखी काही मदत हवी का विचारले. मी नको म्हणालो. कार्ड बंद करण्याविषयी बोलायचे राहून गेले.

फोन खाली घेतला तेव्हा शेजारच्या काकू भिंतीपलीकडे उभ्या होत्या. हातात पिळलेले लुगडे होते आणि ते वाळत घालायचे त्या विसरल्या होत्या.

“सर,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “कुणाला हाक मारून राहिलात?”

“कुणाला नाही. बँकेचं काम होतं.”

“हाव का,” त्या म्हणाल्या. मग लुगडे घेऊन आत गेल्या, ते वाळत न घालताच.

शुल्क भरले. मुलीला मी ते लगेच कळवले नाही.

आता मी किराणा रिंगरोडवरच्या मोठ्या दुकानातून आणतो, कारण तिथे कार्ड चालते. कोपऱ्यावरचा दुकानदार एकदा वाटेत भेटला आणि म्हणाला, “सर, आमचा माल खराब लागला का?” साखर आणि चहापत्ती अजून त्याच्याकडूनच घेतो. बाकी ज्वारी, तेल, शेंगदाणे, साबण असे कार्डावर घेतो. एका माणसाला लागते किती? दर महिन्याला फोनवर पुढच्या झाडाचा टप्पा किती भरला ते दाखवणारी हिरवी पट्टी उघडून पाहतो. ती जेमतेम नखभर पुढे सरकलेली असते. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या त्या कार्डावर घेतल्या तर ती जरा वेगाने सरकेल, पण त्या मी रोखीने घेतो. औषधांची झाडे पुष्कळ झाली. तिच्या नावाचे जे असेल ते जेवणाखाण्यातून यावे, एवढे मला वाटते. ते जगेल की नाही, मला कळणार नाही. ते कुठल्या किनाऱ्यावर असेल, तेही केवळ प्रमाणपत्रावरून समजेल. भूगोलाच्या शिक्षकाने एवढ्यावर विश्वास ठेवू नये.

परवा मुलीचा फोन आला होता. इतर बोलणे झाल्यावर तिने विचारले, “बाबा, ते कार्ड बंद केलंत ना?”

“नाही,” मी म्हणालो. “थोडं बाकी आहे अजून.”

“काय बाकी आहे? सगळे पैसे तर भरलेत आपण.”

“आहे थोडं.”

मग तिने जेवलात का म्हणून विचारले, मी हो म्हणालो आणि आम्ही फोन ठेवला. ओट्यावर तांदूळ धुतलेल्या पाण्याची डेचकी होती. ती उचलून मी परसात गेलो आणि पाणी खड्ड्यात ओतले. माती मऊ आहे.